ग्वोका शिकायचा तर सुरुवात कशापासून: ढोल, नाच की गाणं? (ग्वादलूप, कॅरिबियन)

मृद्गंध
ग्वादलूप बेटाच्या ग्वोकाबद्दल मराठीत फारसं कुठे सापडत नाही, म्हणून हा धागा काढतेय. माहिती नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: ग्वोका म्हणजे ढोल, गाणं आणि नाच हे तिन्ही मिळून एक. माणसं गोल करून उभी राहतात, त्या गोलाला लावॉन म्हणतात. 'का' नावाचे ढोल दोन प्रकारचे. ठेका धरतो तो बुला, नाचणाऱ्याशी बोलतो तो माके. ताल सात: तुंब्लाक, ग्राज, लेवॉझ, कालाज्या, मेन्दे, वूले, पाजांबेल. २०१४ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद केली.

आठ शनिवार, दर वेळी दोन तास, बारा जण, अशी कार्यशाळा आखतेय. पहिल्या सात शनिवारी एकेक ताल ढोलावर, शेवटच्या तासांत त्याचा नाच आणि आठव्या शनिवारी गाणी, असा क्रम योजला आहे. प्रश्न असे:
हा क्रम बरोबर आहे का?
ढोल कुठले वापरावेत?
घरच्या सरावाला ध्वनिमुद्रण चालेल का?
प्रत्येक ताल शेतातल्या कुठल्या ना कुठल्या कामातून आला, हे सांगत शिकवलं तर पावलं लवकर कळतील असं मला वाटतं. पटतंय का?

ठेका_धरून
गाणं आठव्या शनिवारी? इथेच क्रम उलटा झालाय.

लावॉनमध्ये प्रत्यक्ष काय होतं ते बघा. चान्ते म्हणजे मुख्य गाणारा पहिली ओळ एकट्याने टाकतो. गोलात उभे असलेले रेपोंदे ती उचलतात आणि टाळ्या सुरू होतात. त्या ओळीच्या चालीवरून बुलावाल्याला ताल कळतो, तो ठेका धरतो. मग माके येतो आणि सगळ्यांत शेवटी नाचणारा आत शिरतो. म्हणजे ताल गाण्यात आधीच असतो, ढोल तो फक्त उघड करून दाखवतो. सात शनिवार ढोल बडवून आठव्याला गाणं जोडलंत तर बुला बरोबर वाजेल, पण आपण तो कशासाठी वाजवतोय हे वाजवणाऱ्याला कळणार नाही. मग तो हटकून पळायला लागतो, कारण त्याला ओढून धरणारा कोरसच नसतो.

लाटांवरून
ठेका_धरून यांना +१. पहिल्या शनिवारी ढोलाला हात लावू नका. फक्त ओळ, जबाब आणि टाळी.

मृद्गंध
पण ढोलाशिवाय बारा जणांना लय धरता येईल का? अर्ध्या लोकांनी आयुष्यात कधी कोरस गायलेला नसेल.

ठेका_धरून
येईल. ग्वादलूपमध्ये बुलाद्जेल नावाचा प्रकार आहे. घरी कोणी गेलं की रात्र जागवतात, तिथे ढोल न वाजवता फक्त गळ्याचे आवाज आणि टाळ्या यांवर ठेका उभा करतात. एक जण खोल घशातून सरळ ठेका देतो, दुसरा त्याच्यामध्ये तुटक आवाज भरतो, तिसरा श्वासाचा. चार माणसांत पुरा बुला तयार होतो. तुमच्या बारा जणांचे तीन गट करा आणि पंधरा मिनिटं हेच करा. एकच चूक सांभाळा. सगळ्यांना एकाच वेळी जोर द्यावासा वाटतो, त्यामुळे मधल्या जागा बुजतात. प्रत्येक गटाने आपली जागा सोडून बाकी वेळ गप्प राहायचं.

पिंप_आणि_पान
ढोलांबद्दल लिहितो. लांब होईल, कारण लोक पैसे घालून चुकतात ते इथेच.

का हा ढोल मुळात खारवलेलं मांस ज्या लाकडी पिंपातून बेटावर यायचं त्या पिंपाचा. नावही बहुतेक त्या पिंपाच्या फ्रेंच नावावरूनच पडलं असं मानतात. पट्ट्यांचं पिंप, एका तोंडाला बकऱ्याचं कातडं, दुसरं तोंड उघडं. बुलाला बोकडाचं कातडं, कारण ते जाड आणि आवाज खर्जाचा. माकेला शेळीचं, कारण ते पातळ आणि टिपेला जातं. आकारातही माके लहान. बुला आडवा टाकून त्यावर घोड्यासारखं बसून वाजवतात, माके उभा, गुडघ्यांत धरून. दोन्ही उघड्या हातांनी. टिपरू नाही, काठी नाही. आपल्या पखवाजासारखी शाई किंवा कणीक काहीही नाही, त्यामुळे सगळा स्वर हात पानावर, म्हणजे ताणलेल्या कातड्यावर, कुठे पडतो यावर.

कातडं चढवताना:
रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. लवकर मऊ व्हावं म्हणून गरम पाणी घातलं की कातडं आखडतं आणि वाळल्यावर ठिसूळ होतं. असं पान महिन्याभरात फाटतं.
पाठीच्या कण्याची रेघ बरोबर मधोमध येऊ द्या. ती एका बाजूला गेली तर अर्धं पान जाड, अर्धं पातळ आणि कडेचे दोन आवाज कधीच जुळत नाहीत.
पिंपाची कड गोलसर घासून घ्या. धारदार कड हे पान फाटण्याचं पहिलं कारण.
ओलं असताना फक्त सुरकुत्या जाण्यापुरतं ताणा. पूर्ण ताण वाळल्यानंतर. ताणताना एका बाजूने गोल फिरत जाऊ नका, समोरासमोरच्या जागा घ्या.
सावलीत वाळवा. उन्हात कडा आधी सुकतात, मधला भाग ओला राहतो आणि पान कड्यातून निसटतं.

ताण दोरीचा असतो. वरच्या कड्यातून खाली नागमोडी दोरी आणि तिच्यात लाकडी खुंट्या घालून पिळायचं. रात्री दव पडलं की पान उतरतं, म्हणून मध्येच थांबून खुंट्या पिळतात. वाजवून झालं की खुंट्या सैल करून ठेवा. ताणलेला ढोल दुपारच्या उन्हात राहिला तर संध्याकाळी तुम्हाला फक्त पिंप मिळेल.

पिंप कोरड्या हवेत महिनोन्‌महिने पडलं तर पट्ट्या आकसतात आणि लोखंडी कडी घसरतात. ती मधूनमधून ठोकून जागेवर आणायची.

नदीकाठ
वरातीतला ढोल चालेल का? आमच्या गल्लीत चार आहेत, आणि शनिवारी मोकळेच असतात.

पिंप_आणि_पान
मोकळे असले तरी नको. ते टिपरूसाठी ताणलेले असतात, हाताने वाजवले तर बोटांची सालं निघतील आणि आवाज येईल फक्त 'धप्प'. जेंबे हा पश्चिम आफ्रिकेचा ढोलही टाळा. त्याचा पेल्यासारखा आकार कडेचा फटका इतका टोकदार करतो की माके सतत ओरडल्यासारखा वाटतो. काँगा, म्हणजे क्यूबाचे हाताने वाजवायचे उंच ढोल, मिळत असतील तर त्या सगळ्यांत जवळच्या. खर्जातल्या दोन बुलासाठी, टिपेची एक माकेसाठी. दोन्ही बुला एकाच स्वराला लावा आणि दोघांनी तोच ठेका वाजवायचा. नवशिका दुसरा बुलावाला कंटाळून नक्षी काढायला लागतो. तिथेच लावॉन मोडतं.

सावली
एक दुरुस्ती सुचवू का? ढोलावर बसून पानावर टाच दाबून स्वर चढवणं मी चित्रफितींत पाहिलंय. म्हणजे बुलावाला टाच वापरतो ना?

लाटांवरून
ते शेजारच्या मार्तिनिकचं बेले असणार. गोंधळ नेहमी होतो, कारण तिथेही वाजवणारा आडव्या ढोलावर बसतो. बेलेत मुख्य ढोल एकच. वाजवणारा टाचेने पान दाबतो, सोडतो आणि स्वर वर-खाली करतो. त्याच ढोलाच्या मागच्या अंगाला दुसरा माणूस बसतो आणि दोन काड्या लाकडावर वाजवतो. त्या काड्या म्हणजे ती-ब्वा. तिचा ठेका कधी बदलत नाही, आणि ती चुकली तर सगळं चुकलं. क्रमही पक्का: आधी मुख्य गाणारा, मग मागचे गाणारे, मग ती-ब्वा, मग ढोल, मग नाचणारे.

नाचणारे मात्र एकेकटे येत नाहीत. चार पुरुष, चार बाया, चौकोनात. युरोपातल्या कद्रील या जोड्यांच्या नाचाचा सांगाडा आणि आत आफ्रिकेची पावलं. बेटाच्या उत्तरेला सेंट-मारीच्या बाजूला हे सगळ्यांत जास्त जपलं गेलं. ग्वोकाच्या कार्यशाळेत ही टाच आणू नका. बुलाचा स्वर डगमगला तर माकेला उभं राहायला जमीन राहत नाही.

भरती_ओहोटी
आता नाचाकडे या. धागालेखिकेच्या योजनेत 'शेवटच्या तासांत त्याचा नाच' असं आहे आणि माझा खरा आक्षेप त्यावर आहे. ग्वोकात माके नाचणाऱ्याच्या मागे जातो. नाचणारा माकेच्या मागे नाही. हे उलटं शिकवलं की पुढे दुरुस्त करायला वर्ष लागतं.

नाचणारा गोलात शिरतो, थेट माकेसमोर जातो, त्याला मान देतो आणि त्याच्याकडे तोंड करून नाचतो. माकेवाल्याची नजर त्याच्या पायांवर आणि खांद्यांवर. पाऊल जिथे टेकतं तिथे फटका, पाऊल हवेत लांबलं तर आवाज लांबतो, नाचणाऱ्याने अर्ध्यात थांबवलं तर माकेनेही गिळायचं. दुसरा कोणी आत आला की पहिला बाहेर. एका वेळी एकच.

पावलांबद्दल. गुडघे कायम वाकलेले, वजन खाली. मग शरीर मुद्दाम तोलातून बाहेर काढायचं: पाऊल बाहेरच्या कडेवर जातं, घोटा कलतो, आता पडणार असं वाटतं आणि त्या क्षणी दुसरा पाय जमीन पकडतो. ह्याला बिगिदी म्हणतात. लेना ब्लू या ग्वादलूपच्या नृत्यांगनेने ह्याच अस्थिर तोलावर आपली शिकवण्याची पद्धत उभी केली, तिचं नाव तेक्नि'का. बेटावर म्हणतात, बिगिदी मे पा तोंबे: लडखड, पण पडू नकोस.

चुका ठरलेल्या आहेत. पाठ ताठ ठेवणं, म्हणजे तोल जातच नाही आणि बिगिदी नुसता अभिनय होतो. पायांकडे बघणं, म्हणजे माकेशी नजरेचं नातं तुटतं. प्रेक्षकांकडे तोंड आणि माकेकडे पाठ, ही रंगमंचाची सवय. आणि सगळ्यांत वाईट, घरून बसवून आणलेला नाच. मग माकेवाला तो पाठ करतो आणि दोघंही एकमेकांचं काही ऐकत नाहीत.

मृद्गंध
हे वाचून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक मिळालं. ध्वनिमुद्रणावर सराव नको?

भरती_ओहोटी
नाचाचा नको. त्या मुद्रणातला माके दुसऱ्याच कुणाच्या पायांना उत्तर देतोय. तुम्ही त्यावर नाचलात की तुमचं शरीर नकळत त्याच्या मागे जायला शिकतं. गाण्याला आणि बुलाला मुद्रण चालेल, किंबहुना हवंच. नाचासाठी घरी फक्त बुलाचा ठेका लावा. माके नसलेलाच.

ठेका_धरून
बरोबर. आणि वर्गात तीन पायऱ्या करा. दोन मिनिटं नुसत्या बुलावर नाच, माके गप्प. मग माकेवाल्याला एकच परवानगी: पाऊल टेकलं तरच एक फटका, बाकी हात मांडीवर. हे पाच जणांबरोबर नीट जमलं की मगच मोकळं सोडायचं. दुसऱ्या पायरीवर सगळे माकेवाले उशिरा वाजवतात, कारण पाऊल टेकलेलं पाहून मग हात उचलतात. गुडघा वाकायला लागला की हात निघाला पाहिजे.

नदीकाठ
म्हणजे माकेवाल्याने पायाकडे नाही, गुडघ्याकडे बघायचं. हे एक वाक्य धाग्याच्या वर लावा.

शेतवाट
चौथ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही. ताल कामातून आले हे सांगून शिकवणं मला मनापासून पटतं. ग्राज घ्या. ग्राज म्हणजे किसणी. मॅनिऑकचा कंद किसण्याचं काम. कडू जातीच्या कंदात विष असतं, त्यामुळे तो सोलून, धुऊन, किसून, कीस दाबून रस काढावा लागतो, मग चाळून तापल्या तव्यावर सतत हलवत भाजायचा, तेव्हा त्याचं पीठ खाण्याजोगं होतं. कंद जमिनीतून काढला की दोन-तीन दिवसांत काळा पडतो, म्हणून काम साठवून ठेवता येत नाही, बरीच माणसं एकदम लागतात. किसणीवर हात खाली जोरात, वर हलका. ग्राजच्या नाचात हाच खाली-जोर, वर-सैल असा झोका आहे. पाजांबेल ऊसतोडीशी जोडतात. पुरुष तोडतो, मागून बाई मोळ्या बांधते, तिला अमारेझ म्हणतात. ऊस जमिनीलगत तोडायचा, कारण साखर बुडख्यात जास्त, म्हणजे कंबर सतत वाकलेली. ही कंबर समजली की पाऊल समजतं.

सावली
थांबा, हा मॅनिऑक म्हणजे टॅपिओका ना? साबुदाणा ज्याचा करतात तो?

शेतवाट
तोच. तमिळनाडूत सेलमकडे त्याच कंदाच्या स्टार्चचा साबुदाणा होतो. ग्वादलूपमध्ये दाबून काढलेला रस ठेवून दिला की तळाशी पांढरा थर बसतो, त्याला मूसाश म्हणतात. वरचं पाणी जनावरं पिणार नाहीत अशा जागी ओतायचं.

नदीकाठ
म्हणजे ग्राज उपासाला चालतो. एकादशीचा शनिवार ग्राजला राखून ठेवा!

दुसरी_बाजू
शेतवाट यांनी लिहिलेलं सुंदर आहे, पण मी असहमत. दोन कारणं.

एक, सातही ताल कामाचे नाहीत. कालाज्या संथ, विरहाचा आणि दुःखाचा. तुंब्लाक आनंदाचा, प्रेमाचा. मेन्दे कार्निव्हलच्या गर्दीचा. लेवॉझ तर त्या रात्रीच्या जमण्याचंही नाव आहे. ह्या तालांना ओढूनताणून शेतात नेलंत तर नाचणारा प्रत्येक तालात कंबर मोडून कुदळ मारल्याचा अभिनय करील. पर्यटकांसाठीच्या कार्यक्रमांत नेमकं हेच दिसतं: डोक्यावर टोपली, हातात कोयता, आणि ताल कुठलाही.

दोन, 'सात' हा आकडाच अलीकडे घट्ट झालाय. १९७० नंतर बेटावर स्वतःच्या ओळखीची चळवळ उभी राहिली, तेव्हा ग्वोकाची नीट मांडणी सुरू झाली. गिटारवादक जेरार लोकेल यांनी तालांची पद्धतशीर शिकवण लिहून काढली, त्यांचा ग्रंथ १९८१ चा. त्याआधी गावागणिक फरक होते. सोबो, ताकूत अशी आणखी नावं आहेत, ती सातांच्या यादीत बसत नाहीत. यादी शिकवायला सोयीची, एवढंच. ती आभाळातून पडली असं सांगू नका.

शेतवाट
टोपली-कोयत्याबद्दल पूर्ण सहमत. तो अभिनय मलाही नको. मी शरीरातल्या जोराबद्दल बोलतेय. ग्राजमध्ये हाताने किसायचं नाही, वजन खाली कधी सोडायचं ते किसणीवरून कळतं, इतकंच.

दुसरी_बाजू
मग आपण एकाच ठिकाणी आहोत. ग्राजला किसणी सांगा, कालाज्याला सांगू नका.

ठेका_धरून
आणि मात्रांचा घोळ टाळायला: वूले आणि पाजांबेल तिनाचे, बाकीचे सम मात्रांचे. वूलेला क्रिओल वॉल्ट्झ म्हणतात, पण पहिल्या मात्रेवर आपटलात तर तो बॉलरूम होतो. आपल्या कानाला सम शोधायची सवय असते. इथे आवर्तन संपवून समेवर यायचं असं काही नाही, ठेका फिरत राहतो. वाक्य संपलं हे नाचणारा सांगतो. तो एक ठरलेलं पाऊल घेऊन वाक्य मिटवतो आणि ढोल त्याच्याबरोबर मिटून पुन्हा उघडतो, त्याला रिप्रीझ म्हणतात. लेवॉझ तालात ती नीट ऐकू येते, म्हणून रिप्रीझ तिथे शिकवा.

लाटांवरून
अवांतर, पण शेताचा विषय निघालाच आहे म्हणून. मार्तिनिकच्या उत्तरेत फों-सें-दनीच्या डोंगरउतारांवर लासोते होतं. आपल्या इर्जिकेसारखं: एकाच्या शेतात सगळे जातात, पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या. उतारावर एका रांगेत कुदळी, मागे ढोल, ती-ब्वा आणि शंख. शंखाने माणसं बोलवायची आणि गाण्याने रांग सरळ ठेवायची. उतार इतका तीव्र की एक जण पुढे गेला तर वरची माती खालच्याच्या अंगावर. तिथे ताल ही सजावट नव्हती, कुदळ कुणाच्या पायावर पडू नये म्हणून लागणारी गोष्ट होती.

परदेशी_पाखरू
कॅरिअकूचा बिग ड्रमही ह्याच कुळातला, ग्रेनेडाच्या उत्तरेचं छोटं बेट. तिथे तीन ढोल. दोन बाजूंना बुला, नाव अगदी हेच, आणि मध्ये कट. कटच्या पानावरून दोरा ताणतात आणि त्यात टाचण्या अडकवतात, म्हणून आवाजाला खरखर येते. रिंगणात आधी रम आणि पाणी शिंपडून पूर्वजांना बोलावतात, क्षमा मागण्याच्या गाण्याने सुरुवात. मग 'राष्ट्रांचे' नाच: क्रोमांती, इग्बो, मांदिंग, तेम्ने, चांबा, काँगो, आरादा. ज्याचं कूळ जे, तो त्या नाचाला उठतो. आपण आफ्रिकेतल्या कुठल्या लोकांतले, हे तिथल्या माणसांनी कागदाशिवाय, ढोलाच्या ठेक्यात जपून ठेवलं. १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ थेट ह्या बेटावर आदळलं आणि घरं जमीनदोस्त झाली. माणसं आहेत तोवर ताल आहेत, पण ढोलांची पिंपं पुन्हा जमवावी लागतात.

सावली
ग्वादलूपमध्ये भारतीयही आहेत ना? त्यांचा ह्यात काही भाग?

शेतवाट
आहेत. गुलामगिरी २७ मे १८४८ ला बेटावर संपली आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले. 'ओरेली' हे पहिलं जहाज १८५४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पोचलं, आणि १८८९ पर्यंत चाळीस हजारांवर माणसं नेली गेली. बहुतेक पुदुच्चेरी, कारैकाल आणि आसपासच्या तमिळ मुलखातली, काही कोलकात्याच्या वाटेने उत्तरेतली. त्यांचे ढोल वेगळे, मातालों आणि तापू, देवळांतल्या विधींचे. रात्रभर चालणारी नाद्रों नावाची नाटकंही होती, तमिळ तेरुकूत्तूच्या वळणाची. ग्वोकात ते ढोल मिसळू नका, ती स्वतंत्र परंपरा आहे आणि तिलाही स्वतःचे वारसदार आहेत.

भरती_ओहोटी
लेवॉझ रात्रीची आणखी एक गोष्ट योजनेत घ्या. मळ्यांवर पंधरवड्याचा पगार व्हायचा, त्या शुक्रवारी-शनिवारी रात्री उघड्यावर लेवॉझ भरायचा. म्हणजे प्रेक्षक नावाची वेगळी जमात नव्हती. गोलात उभा तो गाणारा. तुमचे बारा जण बरोबर आकडा आहे: दोन बुला, एक माके, एक चान्ते, भोपळ्याचा खुळखुळा चाचा एकाकडे आणि उरलेले सात रेपोंदे, त्यातलाच एकेक नाचायला आत. दर दहा मिनिटांनी जागा बदला. कुणालाही नुसता माकेवाला होऊ देऊ नका.

बरेच दिवस ह्या संगीताला खालचं, 'म्हाताऱ्या काळ्यांचं' म्हणून हिणवलं गेलं. मार्सेल लोलिया, ज्यांना सगळे वेलो म्हणतात, ते पॉइंत-आ-पित्रच्या रस्त्यावर वाजवायचे. १९८४ साली ते गेले, आणि आज त्याच शहरातल्या पादचारी रस्त्यावर त्यांचा पुतळा आहे. आठ शनिवारांत हे नाव एकदा तरी घ्या.

मृद्गंध
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. योजना पुन्हा मांडते, चूक असेल तिथे थांबवा.

शनिवार १: ढोल नाही. बुलाद्जेल, ओळ-जबाब, टाळी.
शनिवार २: तुंब्लाक. गाणं, मग बुला. माके नाही.
शनिवार ३: तुंब्लाकचा नाच. गुडघे, बिगिदी. नुसत्या बुलावर.
शनिवार ४: माके येतो, एका फटक्याच्या नियमाने.
शनिवार ५: ग्राज, किसणीसकट.
शनिवार ६: लेवॉझ आणि रिप्रीझ.
शनिवार ७: वूले, तिनाचा कान तयार करायला.
शनिवार ८: पूर्ण लावॉन, दोन तास, न थांबता.
कालाज्या, मेन्दे, पाजांबेल पुढच्या खेपेला.

ठेका_धरून
शनिवार २ ला तुंब्लाक नको, तो वेगाचा आहे. नवख्यांचे हात आखडतात आणि ते पानावर जोर काढतात. ग्राज आधी घ्या, त्याचा झोका अंगात मुरतो, मग चौथ्यानंतर तुंब्लाक. बाकी छान.

दुसरी_बाजू
वूलेच्या जागी कालाज्या घ्या असं सुचवीन. संथ तालात बिगिदी लपवता येत नाही. वेगात पाय भराभर टाकून सुटका होते, कालाज्यात तोल गेलेला सगळ्यांना दिसतो आणि सावरलेलाही. तिनाचा ताल पुढच्या खेपेला आला तरी बिघडत नाही.

भरती_ओहोटी
कालाज्याला माझंही मत. आणि तिसऱ्या शनिवारपासून, नाच सुरू झाला की, जमिनीवर सतरंजी अंथरू नका, पाय कडेवर कलला की ती सरकते. अनवाणी, कोरडी लाकडी किंवा मातीची जमीन. फरशी असेल तर आधी ओल्या फडक्याने धूळ पुसून घ्या.

मृद्गंध
ग्राज दुसऱ्या शनिवारी, तुंब्लाक पाचव्याला, वूलेऐवजी कालाज्या. लिहून घेतलं. सभागृहाला फरशीच आहे, फडकं घेऊन जाईन.

पिंप_आणि_पान
पावसाळ्यात सुरू करणार असाल तर एक. काँगांचं पान कातड्याचं असेल तर वर्गाच्या अर्धा तास आधी खोलीत आणून पिशवीतून काढून ठेवा, मगच लावा. पिशवीतून काढल्या-काढल्या लावलेला स्वर पहिल्या गाण्यातच उतरतो.